दोन पार्ट्या तयार असतील तर असू द्या, टोकन आज नको

प्रश्न थोडक्यात असा. जळगावात पिंप्राळ्याकडे तीन वर्षं जुनं रो-हाऊस, एजंट 38 लाख सांगतोय. 30 लाखाचं खरेदीखत आणि 8 लाख रोख, दलाली 2 टक्के, टोकन 2 लाख आजच, "अजून दोन पार्ट्या तयार आहेत". दोघांचा मिळून हातात पगार 68 हजार, भाडं 9 हजार, बचत 11 लाख, आणि थोडं सोनं. ताई विचारतात की घर आवडलंय, करू का?

ताई, घर घ्या, पण या सौद्यात नाही.

आधी ते 8 लाख रोख. एजंटने सांगितलं असेल की स्टॅम्प ड्युटी वाचते, वाचते ना, 8 लाखावर 6 टक्के म्हणजे 48 हजार. पण बँक लोन खरेदीखताच्या रकमेवर देते, तोंडी ठरलेल्या भावावर नाही. 30 लाखाच्या खतावर जास्तीत जास्त 27 लाख लोन, मग तुमच्या खिशातून 3 लाख फरकाचे, 8 रोख, 1 लाख 80 हजार ड्युटी, 30 हजार रजिस्ट्रेशन, 76 हजार दलाली, सगळं मिळून 13 लाख 86 हजार. तुमच्याकडे 11 आहेत. म्हणूनच एजंट सोनं ठेवून गोल्ड लोन काढा म्हणतोय, घर घेतल्या घेतल्या दोन हप्ते सुरू. हेच पूर्ण 38 चं खत केलं तर 30 लाख लोन बसतं आणि खिशातून साधारण 11 लाख 34 हजार लागतात. म्हणजे 48 हजार वाचवायला अडीच लाख जास्त उभे करायचे. आणि उद्या तुम्ही हे घर विकायला काढलं की ते 8 लाख तुमच्या खरेदी किमतीत कुठेच दिसणार नाहीत, तेवढा जास्तीचा नफा धरून साडेबारा टक्क्याने लाखभर टॅक्स तुमच्याच डोक्यावर. मालकालाही सांगा की घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकरवाले घेणाऱ्याला तेवढाच दंड लावू शकतात, आणि ते दुसरं घर घेणार असतील तर भांडवली नफ्यावर सूट आहे, त्यांच्या सीए ला विचारू द्या.

खरेदी फक्त तुमच्या नावावर करा. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ड्युटीत 1 टक्का सूट आहे, मिस्टरांचं नाव जोडलं की जाते. लोनमध्ये ते सहकर्जदार राहू शकतात, फक्त घरात बसून दोघांनी मोकळं बोलून घ्या.

माझा हिशोब 36 लाख पूर्ण चेकने असा आहे. लोन 30, वरचे 6, ड्युटी 1 लाख 80 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार, दलाली 1 टक्का 36 हजार, म्हणजे साडेआठ लाखाच्या आत. अडीच लाख हातात राहतात, त्याला हात लावायचा नाही, दवाखाना आहे, नोकरीचं वरखाली आहे. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं धरली तर हप्ता 26 हजार. भाड्यापेक्षा 17 हजार जास्त, तेव्हा या महिन्यापासूनच ते 17 हजार बाजूला टाकायला लागा आणि बघा घर चालतं का, ओढाताण झाली तर आत्ताच कळेल. 38 च्या खाली येतच नसतील तर सोडून द्या, 11 लाखातले सगळे संपवून घरात जायचं नाही.

आता एजंट. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, घरं दाखवणं हे त्याचं काम आहे आणि ते तो करतोय. पण सौदा झाला तरच त्याला पैसे मिळतात आणि भाव जेवढा जास्त तेवढी दलाली जास्त, शिवाय बहुतेक वेळा तो दोन्हीकडून घेतो, तेव्हा भाव कमी करायची त्याला घाई नसणार. "मी रेराचा (म्हणजे घरबांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणीकृत एजंट आहे" म्हणाला तर ऐकून घ्या, पण रेराची नोंदणी बिल्डरच्या नोंदणीकृत प्रोजेक्टमधली घरं विकण्यासाठी लागते, तुमचं हे आधीच्या मालकाकडून घ्यायचं घर, त्या नंबरचा इथे कागदपत्रांशी काही संबंध नाही. दलाली आधीच लिहून ठरवा आणि रजिस्ट्रीच्या दिवशी खात्यावर द्या. लोन पण मीच करून देतो म्हणाला तरी आधी तुमच्या पगाराच्या बँकेत जाऊन सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र) घ्या, ते हातात असलं की मालक पण नीट बोलतो.

टोकन कागद बघितल्यावर, 51 हजार पुरे, मालकाच्या नावाने चेक, एजंटच्या हातात रोख अजिबात नाही. इसार पावतीत (टोकनच्या पावतीत) स्पष्ट लिहून घ्या की टायटल, म्हणजे मालकी, क्लिअर नसलं किंवा लोन नामंजूर झालं तर रक्कम परत. कागद म्हणजे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए (बिगरशेती) ऑर्डर, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालकाचं आधीचं खरेदीखत, घरपट्टीची पावती. मालकाचं लोन चालू असेल तर त्यांच्या बँकेचं पत्र. वकील आपला लावा, 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी, काढू द्या. आजूबाजूच्या रो-हाऊसचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) आयजीआर, म्हणजे नोंदणी विभागाच्या साइटवर बघता येतात, फक्त त्यात पण रोखीमुळे भाव कमी दाखवलेले असू शकतात तेव्हा शेजाऱ्यांना पण विचारा.

आणि एक मिस्त्री घेऊन जा हो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते, पाया कमी खोल असला की भिंतीला तिरक्या भेगा पडतात आणि फरशी बसते, नवीन रंग मारून झाकलं असेल तर तुम्हाला मला दिसणार नाही पण त्याला दिसेल. भेगा निघाल्या तर भाव 36 पर्यंत उतरवायला चांगलं कारण आहे, आणि पायाच खचला असेल तर 36 ला पण नको.

त्या दोन पार्ट्यांनी आज घेतलं तर घेऊ द्या. एजंटला उद्या एवढंच सांगा, कागदांचे झेरॉक्स द्या, पूर्ण चेकने 36 ला तयार असाल तर आम्ही लगेच लोनची फाइल टाकतो. झेरॉक्स द्यायला टाळाटाळ केली तर पुढे बोलायची गरज नाही.