ओल आधी ओळखा, छिन्नी नंतर उचला
घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे चिरेबंदी घर जुने असून मागच्या बाजूला जोडलेले न्हाणीघर सुमारे 25 वर्षांपूर्वी बांधलेले आहे. त्याला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल येते आणि गिलावा फुगून गळतो. न्हाणीघरातील टाइल्सचे सांधे झिजले आहेत, दोन टाइल्स पोकळ वाजतात, एक नळ सतत ठिबकतो. एवढ्याशा कामासाठी गवंडी येत नाही आणि प्लंबर बघून गेला तो परत फिरकला नाही, त्यामुळे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. आता यजमान आणि मी मिळून चवथीपूर्वी ते घरीच उरकावे म्हणतो. यातले काय आम्हाला जमेल आणि सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक भगिनी, फोंडा तालुका

उत्तर : आपण सांगितलेल्या कामांपैकी बहुतेक कामे दोन माणसांना घरी करता येण्याजोगी आहेत, मात्र ती सगळी चवथीपूर्वी करण्याचा आग्रह सोडावा. नळ आत्ताच दुरुस्त करावा. जमिनीचे आणि सांध्यांचे काम पाऊस पूर्ण ओसरून भिंती सुकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर हाती घ्यावे. चिरा हा सच्छिद्र दगड आहे आणि जुन्या घरांत तो पुष्कळदा मातीच्या गाऱ्यात बसवलेला असतो. जून ते सप्टेंबर या काळात अशी भिंत बाहेरून पावसाचे आणि खालून जमिनीचे पाणी ओढत असल्यामुळे दिसणारी ओल न्हाणीघराचीच आहे की नाही, हे तेव्हा खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून खरी सुरुवात ओलीचे निरीक्षण करण्यापासून होते. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहून ठेवा. डाग बाराही महिने सारखाच राहत असेल, तर दाबाखालची नळवाहिनी गळत असण्याचा संभव अधिक. आंघोळी झाल्यावर काही तासांनी वाढत असेल, तर जमीन, सांधे किंवा सांडपाण्याचा मार्ग दोषी. पावसाच्या सरींबरोबर वाढत असेल, तर बाहेरची भिंत किंवा छपराची पागोळी तपासायला हवी. आणि न्हाणीघरापासून दूरच्या भिंतींनाही तेवढ्याच उंचीपर्यंत ओल असेल, तर ती जमिनीतून चढणारी ओल आहे, जिच्यावर टाइल्स बदलून काहीही फरक पडणार नाही.

कोरड्या दिवसांत याची खात्री करून घ्यावी. रात्री छतावरची टाकी भरून तिच्यात येणारे पाणी बंद करा, घरातील सर्व नळ आणि फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक (तिला पाणी देणारी भिंतीवरची छोटी तोटी) बंद करा व टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरलेली असेल तर नळवाहिनी गळते आहे. पाण्याच्या मीटरवरून ही परीक्षा करावी असे अनेक जण सांगतात, पण छतावर टाकी असलेल्या घरात मीटर टाकीच्या आधी असतो, त्यामुळे टाकीनंतरची गळती त्याच्यावर लगेच दिसतेच असे नाही. त्यानंतर न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या तोंडात कापड गुंडाळलेला लाकडी गुट्टा घट्ट बसवून जमिनीवर दोन ते तीन सेंटिमीटर पाणी 24 तास उभे ठेवा. पलीकडच्या खोलीत ओल वाढली तर दोष जमिनीत आहे. न वाढल्यास भिंत एक दिवस तशीच राहू द्या, मग गुट्टा काढून चार-पाच बादल्या पाणी एकदम ट्रॅपमधून सोडा. आता ओल आली तर दोष ट्रॅपच्या किंवा त्याखालच्या पाइपच्या जोडात आहे. दोन्ही परीक्षा एकाच दिवशी केल्यास काहीच कळत नाही.

ठिबकणाऱ्या नळाचे काम सोपे आहे. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळातले उरलेले पाणी सोडून द्या. फिरवायचा जुना नळ असेल तर आतले वॉशर बदलावे लागते, पाव फेऱ्यात बंद होणारा असेल तर पूर्ण कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघडबंद करणारा आतला सुटा भाग. जुना तुकडा दुकानात घेऊन जा, कारण कार्ट्रिजची मापे कंपनीगणिक वेगळी असतात. नळच बदलायचा असल्यास टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे नळ घट्ट करताना ती उलगडणार नाही अशी गुंडाळावी. मात्र भिंतीतला पाइप जुन्या लोखंडी प्रकारचा असेल आणि नळ हलत नसेल, तर पान्यावर जोर करू नका. गंजलेला जोड भिंतीच्या आत तुटला की अर्धी भिंत फोडावी लागते, आणि तिथे प्लंबरची वाट पाहणेच शहाणपणाचे.

सांधे का झिजले, हेही पाहायला हवे. आपल्याकडील कित्येक विहिरींच्या पाण्यात लोह असते, टाइल्सवर तांबूस डाग धरतात आणि ते काढण्यासाठी घरोघरी अॅसिड ओतले जाते. अॅसिड डाग काढते तसेच सिमेंटही खाते. काही वर्षांत सांधे पोकळ होतात आणि प्रत्येक आंघोळीचे पाणी खाली मुरू लागते. अॅसिड ब्लीचिंगमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. सांधे नवे केल्यावरही अॅसिडचा वापर चालूच राहणार असेल, तर हे सगळे काम करण्यात अर्थ नाही. साबण आणि ब्रश पुरे.

सांधे भरताना जुन्यावर नवे थापण्याचा मोह होतो. तसे थापलेले ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा माल, लवकरच पापुद्र्यासारखे सुटते. जुने ग्राउट करवतीच्या पात्याच्या तुकड्याने किमान तीन मिलिमीटर खोल खरवडून काढा, धूळ झाडा आणि सांधे पूर्ण सुकू द्या. जमिनीसाठी मी इपॉक्सी ग्राउट सुचवेन. ते महाग असले तरी पाणी शोषत नाही. मात्र ते लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडेच कालवावे आणि टाइल्सवरचे अवशेष लगेच पुसावेत. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तो कोपरा ग्राउटने भरू नका. तिथे सूक्ष्म हालचाल होत असल्याने कडक ग्राउटला तडा जातो, म्हणून बुरशीरोधक सिलिकॉन वापरावे आणि त्यावर 24 तास पाणी पडू देऊ नये.

पोकळ टाइल्स चष्मा आणि हातमोजे घालून, मधोमध फोडून कडेकडे काढाव्यात. कडेला पहार घातली तर शेजारची टाइलही उचकटते. खालचा सैल माल काढून तळ सुकवा, सिमेंटमध्ये कालवायच्या पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याला आडवा. मगच टाइल-चिकटद्रव्यावर नवी टाइल बसवा. ट्रॅपकडे दर मीटरला 12 ते 15 मिलिमीटर उतार राहिला पाहिजे. जुन्या टाइल्सचा जोड बाजारात मिळणार नाही, तेव्हा आधी पोटमाळ्यावर शोधा. बांधणाऱ्यांनी चार-पाच उरलेल्या टाइल्स तिथे ठेवलेल्या असण्याची शक्यता बरीच असते. परीक्षेत दोष ट्रॅपखालच्या पाइपचा निघाला, तर मात्र हे काम गवंड्याचेच.

गिझर आणि त्याच्या वायरिंगला हात लावू नका. काम चालू असताना केवळ स्विच नव्हे, वीजफलकावरचा एमसीबीच (त्या जोडणीचा वीजप्रवाह तोडणारा खटका) बंद ठेवावा. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडून शॉकपासून वाचवणारा खटका) नसेल तर याच निमित्ताने परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा.

गळती थांबल्यावर खोलीतला फुगलेला गिलावा काढा आणि भिंत उन्हाळा संपेपर्यंत उघडी ठेवा. पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडा. धुतल्यास तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंग देऊ नये, कारण आतला ओलावा त्याला फुगवून टाकतो.

प्रश्न : पर्वरी येथे आमची सदनिका तिसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या घराच्या छतातून पाणी ठिबकते. वरील पद्धतीने आम्हीच दुरुस्ती करावी का?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : परीक्षा अवश्य करा, पण खालच्या कुटुंबाला सोबत घेऊन. तुम्ही वर पाणी उभे ठेवाल तेव्हा त्यांनी छताचे फोटो वेळेसह काढावेत, म्हणजे पुढे वाद राहत नाही. सांधे, सिलिकॉन आणि नळ इथपर्यंतचे काम तुम्ही करू शकता. इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब बहुधा खाली घेऊन त्यात भराव टाकलेला असतो आणि पाइप त्या भरावातून जातात. पाणी तिथे साचलेले असेल, तर वरचे सांधे बंद केल्यानंतरही खालचे ठिबकणे काही आठवडे चालू राहू शकते, याची त्यांना आधीच कल्पना द्या. त्यानंतरही थांबले नाही तर भराव काढावा लागेल. त्यासाठी सोसायटीला लेखी कळवून जाणकार गवंड्याकडूनच काम करून घ्या आणि टाइल्स बसवण्यापूर्वी नव्या वॉटरप्रूफिंगवर 48 तास पाणी उभे ठेवून खालचे छत पुन्हा एकदा तपासा.