शाळेतली रोपं मे महिन्यात जगवायची तर

सर, जुलैत लावलेली रोपं मार्चमध्ये हिरवी आहेत, म्हणजे निम्मं काम झालंय. आता रोजचं तांब्याभर पाणी बंद करा. त्यानं वरची माती तेवढी भिजते आणि मुळं वरच घुटमळतात. चार-पाच दिवसांनी बादलीभर घाला, संध्याकाळी, सावकाश जिरवत.

- आळं हातभर रुंद. त्यात पाचट किंवा पालापाचोळा जाड पसरा, पण बुंध्याला टेकू देऊ नका.
- शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण.
- खत आत्ता नको.

सुट्टीत पाणी कोण घालणार, हे परीक्षेआधीच ठरवा. बऱ्याच शाळांची रोपं तिथंच जातात. शेजारच्या घरांतली दोन पोरं पुरतात.

पानं गळली तरी लगेच उपटू नका. खोड नखानं खरवडा. आत हिरवं दिसलं तर पाणी चालू ठेवा.