गाडीतून फिरत वायफाय नेटवर्कांचा नकाशा करणं गुन्हा आहे का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की पुण्यात गाडीतून फिरत फोनवर वायफाय नेटवर्कं टिपली तर पोलीस धरतील का, आणि नकाशा नीट यायला काय करावं लागतं. चार वर्षं मी हे करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरातला राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा हाळी देत असतो: माझं नाव हे, चॅनेल हा, कुलूप या प्रकारचं. या हाळीला बीकन म्हणतात. दुकानांच्या पाट्या वाचत जावं तसं ते ऐकायचं आणि जीपीएसची जागा सोबत नोंदवायची, एवढंच वॉरड्रायव्हिंग. नेटवर्कला जोडणी केलीत की प्रकरण वेगळं होतं, मग त्याला पासवर्ड नसला तरीही. परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याच्या नेटवर्कवरचा मजकूर टिपणंही वेगळंच. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांनी उघड्या नेटवर्कांवरचा मजकूर साठवल्याचं २०१० मध्ये कंपनीने मान्य केलं आणि पुढे अमेरिकेतल्या राज्यांशी तडजोड करून ७० लाख डॉलर भरले.

आपल्याकडे पोलिसांनीही वॉरड्रायव्हिंग केलंय. जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस असुरक्षित नेटवर्कं शोधायला शहरात फिरले. तुमच्या नोंदीत 'ओपन' (म्हणजे कुलूपच नाही) किंवा डब्ल्यूईपी (वायफायचं जुनं कुलूप) दिसलं, तर ते का महत्त्वाचं ते यावरून कळेल. डब्ल्यूईपी २००१ मध्येच फुटलंय.

आता नकाशा. अँड्रॉइड फोनवर विगलचं ॲप घ्या. विगल २००१ पासून जगभरची नेटवर्कं गोळा करतंय, संख्या एक अब्जाच्या पुढे गेलीये. मात्र पहिल्याच दिवशी निराशा होण्याचं एक कारण सांगते. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन मिळतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाला एक. चाळीसच्या वेगाने तेवढ्यात गाडी सव्वातीनशे मीटर पुढे गेलेली असते आणि मधली अख्खी सोसायटी निसटते. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग' बंद करता येतं. ते आधी करा. फोन डॅशबोर्डच्या स्टँडवर लावा आणि सिग्नलला थांबलात तरी त्यात डोकं घालू नका.

दुसरं, एकाच बाजूने जाऊ नका. ॲपला जागा कळते ती सिग्नल कुठे जोरात मिळाला यावरून. सदाशिव पेठेतून मी एकदाच गेले, तेव्हा वाड्यांमधली सगळी नेटवर्कं नकाशावर रस्त्याच्या मधोमध ओळीने उभी होती! मागच्या बोळातून पुन्हा फिरले तेव्हा ठिपके आत, घरांवर सरकले.

आणि हे मनापासून सांगते: नोंदी विगलवर अपलोड करण्याआधी विचार करा. राउटरचा कारखान्यातून आलेला क्रमांक घर बदललं तरी तोच राहतो. आम्ही चिंचवडहून कोथरूडला आलो, राउटर तोच आणला. काही महिन्यांनी मी तो क्रमांक विगलवर शोधला तर चिंचवडच्या जुन्या गल्लीतली नोंद आणि कोथरूडची नवी, दोन्ही समोर होत्या. आमचा नवा पत्ता कुणालाही काढता आला असता. त्या दिवशी मी घाबरले होते, कारण आमच्या इमारतीतली एक मुलगी नवऱ्याच्या त्रासापायी माहेर सोडून लांब राहायला गेली होती आणि तिनेही राउटर सोबत नेला होता. मी तिला फोन करून तो बदलायला लावला. नवा घेणं जमत नसेल तर निदान नेटवर्कच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि त्याला जोडून इंग्रजीत 'नोमॅप' लिहावं, म्हणजे गूगल ते नेटवर्क आपल्या लोकेशन सेवेतून वगळतं.