‘टर्बोचार्जर’मधला ‘चार्जर’ नेमके काय भरतो?

नागपूरजवळच्या वाडी येथील एका वाहतूक व्यावसायिकांनी विचारले आहे की, ट्रकच्या टर्बोचार्जरचा बॅटरीच्या चार्जरशी काही संबंध आहे काय, आणि टर्बोमुळे गाडीचा ‘ॲव्हरेज’ वाढतो असे म्हणणे बरोबर आहे काय.

येथे विजेचा संबंध नाही. ठासणीच्या बंदुकीत आपण ज्या अर्थाने बार भरतो, त्याच अर्थाने येथला ‘चार्ज’ म्हणजे सिलिंडरमध्ये दर खेपेस भरला जाणारा हवेचा भरणा होय. ‘टर्बो’चे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तेथे त्याचे अर्थ वावटळ, आवर्त आणि मुलांचा भोवरा असे होतात. आपल्याही भाषेत खेळण्याला आणि पाण्यातल्या आवर्ताला ‘भोवरा’ हा एकच शब्द आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

हा भोवरा फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर. त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत ठासते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट 1905 मध्ये घेतले. हवा जास्त मिळाली की तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये इंधनही जास्त जाळता येते, म्हणून शक्ती वाढते. गॅरेजात तिला ‘ताकद’ म्हणतात आणि बोलण्यात ते शोभतेही. लिहिताना मात्र ‘बल’ न लिहिता ‘शक्ती’च लिहावे, कारण भौतिकशास्त्रात त्या दोन वेगळ्या राशी आहेत.

‘ॲव्हरेज’ची गोष्ट अधिक नाजूक आहे. मूळ शब्दाचा अर्थ सरासरी. आपल्याकडे तो लिटरमागे किती किलोमीटर, या अर्थाने रुळला आणि त्याला माझी हरकत नाही. परंतु इंधनाची बचत टर्बो बसवल्याने आपोआप होत नाही. मोठ्या इंजिनाचे काम लहान इंजिनाकडून करून घेता येते, त्यामुळे घर्षणात व हवा आत ओढण्यात वाया जाणारी ऊर्जा कमी होते आणि एरवी धुराबरोबर निघून जाणाऱ्या ऊर्जेचाही काही भाग कामी येतो, म्हणून ती होते. ॲक्सिलरेटर सतत दाबून धरला, तर हाच टर्बो जास्त इंधन जाळायला वाव देतो. म्हणून ‘टर्बोमुळे इंजिनाची कार्यक्षमता वाढू शकते’ असे लिहावे. ‘ॲव्हरेज’ हा शब्द मात्र भार, रस्ता आणि चालक यांच्यासह त्या गाडीला प्रत्यक्ष मिळालेल्या आकड्यासाठी राखावा.

प्रतिशब्द सुचवताना ‘वायुभरक’ अपुरा पडतो, कारण इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जरही हवाच भरतो. भेद धुराचा आहे, म्हणून मी ‘धूरचलित वायुभरक’ सुचवीन. पण ‘टर्बो गेला’ हे वाक्य गॅरेजात ज्याला एका क्षणात कळते, त्याच्यासाठी ‘टर्बो’ हाच मराठी शब्द झालेला आहे.