गाळ काढला, तरी तळं का आटलं?

प्रश्न : आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ दोन वर्षांपूर्वी यंत्राने काढला. चैतापर्यंत टिकणारं पाणी आता माघातच आटतं. मासळीही गेली. असं का? (वाचक, अर्जुनी मोरगाव तालुका)

उत्तर : बहुधा तलावाचं बूड फुटलं. गाळाखाली चिकणमातीचा थर असतो, तोच पाणी धरतो. काळा, मऊ गाळ संपून घट्ट चिकणमाती लागली की खणणं तिथंच थांबवायचं. पुढे गेलात की पाणी जमिनीत मुरतं. पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पायथ्याशी खणलं असेल तर पाळही गळेल. पावसाळा सरल्यावर पाळीच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसते का, बघा. येवा, म्हणजे तलावात येणारं पाणी, तेही तपासा. वरचे नाले कुणी शेताकडे वळवले असतील तर खोली वाढवून काय साधणार?

मासळीचं कारण काठावर आहे. यंत्र काठ उभा तासतं, उथळ पाणी राहत नाही, आणि पाणवनस्पती व मासळीची अंडी सापडतात ती तिथेच. काठ उतरते करून घ्या. काठावर माजणारं बेशरमाचं झुडूप वरवर कापू नका. तुकडा ओल्या मातीला टेकला की पुन्हा मूळ धरतो. मे महिन्यात मुळासकट उपटून तलावाबाहेर वाळवा. मग पहिल्या पावसात जवळच्या चांगल्या तलावातल्या पाणवनस्पती आणून लावा. ग्रास कार्प या वनस्पती खाणाऱ्या माशाचं बीज मात्र सोडू नका, लावलेलं सगळं तो फस्त करील.

प्रश्न : तलावच कोरडा, तर काठच्या देवाला पुजायचं कशासाठी?

उत्तर : पूजा करायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हा देव कोण, ते पाहण्यासारखं आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलाच नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात आणि कोलू पाटलांना कोलासुर म्हणून पुजतात. म्हणजे इथे बांध घालणारा माणूसच देव झाला. माजी मालगुजारी म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांकडे पूर्वी असलेले तलाव. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. मालगुजारीचे गोडवे गाऊ नयेत, त्यात वेठही होती. पण पाळीची भगदाडं कुणी बुजवायची, तुडुम (पाणी सोडायचं दार) कुणी उघडायचं, हे तेव्हा ठरलेलं होतं. पाणी नंतर आटलं, आधी ही कामं बेवारस झाली. तुमच्या गावात आज तुडुम कोण उघडतो? नाव सांगता येत नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय तोच घ्या.