व्याध लवकर का मावळतो?

प्रश्न : आमची आंजर्ल्याला हापूसची बाग आहे. रात्री राखणीला मी माचावर असतो. 21 मार्चला व्याधाचा तारा माडाच्या झावळीआड गेला तेव्हा घड्याळात साडेबारा झाले होते. 20 एप्रिलला बघतो तर साडेदहालाच गायब! राखणीचा नेपाळी म्हणतो, ‘शेट, घड्याळ मागे पडलं.’ वडिलांचं चावीचं घड्याळ आहे, पण रेडिओवरच्या वेळेशी ताडून पाहिलं, बरोबर आहे. मग चुकतंय कोण?
— एक बागायतदार, आंजर्ले

उत्तर : कोणीच नाही. वडिलांचं घड्याळ जपा.

महिन्याला दोन तास, म्हणजे रोजची चार मिनिटं. काटेकोर सांगायचं तर 3 मिनिटं 56 सेकंद. घड्याळ चालतं सूर्याच्या हिशेबाने, 24 तासांचं. ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची गिरकी 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांतच पुरी होते. पण तेवढ्यात ती सूर्याभोवती अंशभर पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी अंशभर वळावं लागतं, त्याची ही चार मिनिटं.

गणपतीत जाखडी बघता ना? मध्ये मृदंगवाला, भोवती नाचणारे. त्यातला एक जण स्वतःभोवती गिरक्या घेत मृदंगाला एक फेरा घालतोय असं धरा. मृदंगवाला किती वेळा त्याच्या तोंडासमोर आला ते मोजा, आणि लांबच्या देवळाची दीपमाळ किती वेळा आली तेही. गिरकी आणि फेरा एकाच दिशेने असतील तर दीपमाळ एकदा जास्त भरते. पृथ्वीचंही तसंच. वर्षात सूर्य तिच्यासमोर साधारण 365 वेळा येतो, तारे 366 वेळा.

सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात हे आकडेच दिलेत. एका महायुगात, म्हणजे चारी युगं मिळून, नाक्षत्र दिवस, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीच्या गिरक्या, 1,58,22,37,828 आणि सावन दिवस, म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय, 1,57,79,17,828. वजाबाकी केलीत तर 43,20,000 उरतात. महायुगाची वर्षंही नेमकी तेवढीच! मास्तरकी करताना ही वजाबाकी मी पोरांकडून फळ्यावर करून घ्यायचो. हातचा चुकायचाच कोणाचा तरी.

फजिती माझीही झाली आहे. एकदा पोरांना मावळता मृग दाखवला आणि ‘पंधरा दिवसांनी याच वेळी या, पुन्हा बघू’ म्हणून बसलो. पोरं आली, मृग तासभर आधीच समुद्रात गेलेला. तेव्हापासून मी वेळ सांगताना तारीख बघतो.

आणि भरतीशी गल्लत नको. ती चंद्राच्या मागे जाते, म्हणून रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा येते. तारे उलट, लवकर निघतात.

नेपाळ्याची खात्री पटवायची तर पुढल्या वर्षी 21 मार्चला त्याला त्याच माचावर बसवा. झावळी तोडली नसेल तर व्याध पुन्हा साडेबारालाच तिच्याआड जाईल.