जिवाशी बोलायला शीक

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाहीत, बायबल उघडलं तर अक्षरं नुसती डोळ्यांखालून जातात, असं तू लिहिलंस. माझा विश्वास संपला का, असंही विचारलंस. नाही रे. ज्याचा विश्वास संपला, तो देव दूर गेला म्हणून रडत बसत नाही.

आज बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 42 आणि 43 सलग वाच. ही मुळात एकच रचना असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. गाणारा देवाचं मंदिर असलेल्या यरुशलेमपासून लांब, हर्मोन डोंगराच्या बाजूला, यार्देन नदीच्या मुलखात आहे. लोक टोचून विचारतात, कुठे आहे तुझा देव? सुरुवातीला तो हरिणीसारखा पाण्यासाठी तळमळतो आणि थोड्याच ओळींनंतर पाणी त्याच्या डोक्यावरून जातं! पण त्या लाटांना तो ‘तुझ्या लाटा’ म्हणतो. बुडतानाही देवाशीच बोलतो. मला का विसरलास, हेही त्यालाच विचारतो, आणि तेही ‘माझा खडक’ म्हणून.

मग तो स्वतःच्या जिवाला धरून विचारतो, “हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?” आणि बजावतो, “देवाची आशा धर.” आपण दिवसभर मनाचं रडगाणं ऐकत बसतो, हा मनाला ऐकवतो. हे त्याला तीनदा म्हणावं लागलं, बरं का. पहिल्यांदा म्हटल्यावर लगेच पुन्हा खिन्नता आली. म्हणून आज म्हटलंस आणि उद्या परत जड वाटलं, तर ते वाया गेलं असं समजू नकोस.

एवढंही म्हणवत नसेल, तर स्तोत्र 88 घे. ते अंधारातच संपतं, कुठे दिलासा नाही. तरी पवित्र शास्त्रात त्याला जागा आहे, म्हणजे तुझ्या अशा प्रार्थनेलाही आहे. मोठ्यानं वाच, ओठ हलू देत.

झोप आणि भूक दोन्ही उडाली असतील तर डॉक्टरांनाही दाखव. त्यात अविश्वास मुळीच नाही.

त्या गाणाऱ्याला सगळ्यांत जास्त आठवण येते ती मंडळीबरोबर देवाच्या घरी जाण्याची. तेव्हा रविवारी उपासनेला ये. मागच्या बाकावर बसलास तरी चालेल. तुला गाता आलं नाही, तर तुझ्या वाटचं आम्ही गाऊ.

तुझा,
काका